विश्लेषण : गाडी दोन इंच उचलली, स्टीअरिंग का भरकटले? जिप्सी-जिम्नीतला ‘बम्प स्टीअर’ काय असतो?

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी, वरंध, माळशेजच्या घाटांत उंच केलेल्या, जाड टायरच्या जिम्नी, जुन्या जिप्सी आणि महिंद्राच्या जीप दिसू लागतात. दोन इंच उचललेली गाडी रुबाबदार दिसते, यात शंका नाही. मात्र अशा गाड्यांच्या चालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. खड्डा आला, की स्टीअरिंग आपसूक एका बाजूला ओढ घेते. अरुंद घाटात समोरून एसटी येत असताना ही ओढ गमतीची राहत नाही. गॅरेजमध्ये तिचे निदान अनेकदा ‘अलाइनमेंट करून घ्या’ एवढ्यावर संपते. पैसे जातात, ओढ तशीच राहते. कारण दोष चाकांच्या अलाइनमेंटमध्ये नसतो. तो असतो चाकांमागे आडव्या बसवलेल्या दोन दांड्यांच्या भूमितीत.

बम्प स्टीअर म्हणजे नेमके काय?

चालकाने स्टीअरिंग जराही हलवले नाही, तरी केवळ सस्पेन्शन वर-खाली झाल्यामुळे पुढची चाके डावी-उजवीकडे वळणे, याला बम्प स्टीअर म्हणतात. चालकाने स्टीअरिंग घट्ट धरून ठेवले असेल तर चाके वळतात. सैल धरले असेल तर स्टीअरिंग हातात फिरते. दोन्हींचे कारण एकच.

यात गल्लत फार होते. दगडाला चाक बाजूने आदळल्यावर स्टीअरिंगला बसणारा झटका वेगळा, त्याला ‘किकबॅक’ म्हणतात. ठरावीक वेगाला पुढची दोन्ही चाके थडथडून गाडी हादरू लागते ती ‘डेथ वॉबल’. तिच्यामागे बहुतेकदा झिजलेले बुश, सैल बॉल जॉइंट किंवा बॅलन्स बिघडलेले टायर असतात. सरळ, गुळगुळीत रस्त्यावरही गाडी तरंगल्यासारखी भटकत असेल तर संशय ‘कॅस्टर’वर, म्हणजे चाक ज्या कलत्या अक्षाभोवती वळते त्याच्या कोनावर घ्यायचा. बम्प स्टीअरची खूण सोपी आहे. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गतिरोधकाला गाडी साधारण एकाच पद्धतीने वागते. चाक वर जाताना एकीकडे ओढ, खाली येताना दुसरीकडे.

अखंड अ‍ॅक्सल अजून का वापरतात?

मोटारींमध्ये पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होतात. अखंड किंवा ‘सॉलिड’ अ‍ॅक्सलमध्ये ती एकाच भक्कम नळीच्या दोन टोकांना असतात. एक चाक दगडावर चढले की दुसरे जमिनीकडे दाबले जाते, शिवाय डिफरन्शिअलखालची मोकळी जागा सस्पेन्शन दबले तरी कमी होत नाही. मजबुती आहेच. म्हणून भारतात १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी तीन दशकांहून अधिक काळ याच रचनेवर विकली गेली आणि लष्करात रुळली. २०२३ मध्ये आलेल्या पाच दारी जिम्नीतही पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सलच आहे. पुण्याजवळ रांजणगावात २०२१ पासून जुळणी होत असलेली जीप रँगलरही त्याच पंथाची. (थारचा समज मात्र दुरुस्त करायला हवा. आताच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिच्यातही बम्प स्टीअर होऊ शकतो, पण त्यात दोन चाकांमधला ‘टो’चा कोन बदलतो. ते गणित वेगळे, या लेखातले उपाय तिला लागू नाहीत.)

चाक वर गेल्यावर ते वळते कशामुळे?

अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत स्टीअरिंगचा गिअर बॉक्स चॅसीवर असतो. त्यातून बाहेर आलेला छोटा हात म्हणजे पिटमन आर्म. त्याला जोडलेली लांब दांडी, म्हणजे ड्रॅग लिंक, आडवी जाऊन पलीकडच्या चाकाला ढकलते किंवा ओढते. दोन्ही चाके एकमेकांना टाय रॉडने बांधलेली असतात, त्यामुळे एक वळले की दुसरेही वळते.

आता चालकाने स्टीअरिंग स्थिर धरले आहे असे समजू. ड्रॅग लिंकचे चॅसीकडचे टोक त्यामुळे जागच्या जागी राहते. दुसरे टोक अ‍ॅक्सलबरोबर वर-खाली होते. एक टोक स्थिर आणि लांबी ठरलेली, म्हणजे दुसरे टोक सरळ रेषेत जाऊच शकत नाही. ते कंपासने काढल्यासारख्या वर्तुळाच्या कमानीवरून फिरते. वर-खाली होता होता ते थोडे आडवेही सरकते. अ‍ॅक्सल स्वतः तितकाच, त्याच दिशेला आडवा सरकला तर काहीच बिघडत नाही. तो सरकला नाही, किंवा कमी-जास्त सरकला, तर जो फरक उरतो तेवढे चाक वळते. सगळा बम्प स्टीअर या फरकात आहे.

मग प्रश्न येतो, अ‍ॅक्सल कोणत्या वाटेने वर-खाली होतो? याचे उत्तर गाडीगणिक बदलते.

जिप्सीला किंवा जुन्या जीपला पाटे आहेत. पाटे अ‍ॅक्सलला आडवे फारसे हलू देत नाहीत, म्हणून तो जवळजवळ सरळ वर-खाली होतो. जिम्नी आणि रँगलरला कॉइल स्प्रिंग आहे. कॉइल स्प्रिंग वजन पेलते, पण अ‍ॅक्सलला आडवे धरून ठेवू शकत नाही. ते काम आणखी एक आडवी दांडी करते. तिचे एक टोक चॅसीला, दुसरे अ‍ॅक्सलला. हिला ट्रॅक बार म्हणतात. पॅनहार्ड रॉड हे तिचे दुसरे नाव जुन्या फ्रेंच मोटार कंपनीवरून पडले, तर सुझुकीच्या भाषेत ती ‘लॅटरल रॉड’. ट्रॅक बारमुळे अ‍ॅक्सलही सरळ न जाता कमानीवरूनच फिरतो.

म्हणजे कॉइल स्प्रिंगच्या गाडीत दोन कमानी झाल्या. एक ड्रॅग लिंकची, एक ट्रॅक बारची. या दोन दांड्या सारख्या लांबीच्या आणि एकमेकींना समांतर असतील तर दोन्ही कमानी तंतोतंत जुळतात आणि चाक वळत नाही. घरातला झोपाळा आठवावा. दोन्हीकडच्या कड्या सारख्या लांबीच्या आणि समांतर असतील तर पाट झुलतानाही सपाट राहतो. एका बाजूची कडी तिरकी टांगली, की प्रत्येक झोक्याला पाट कलतो. कंपनीतून निघालेल्या गाडीत या दोन दांड्या शक्य तितक्या समांतर बसवलेल्या असतात. लांबीत थोडा फरक असला तर त्याचा त्रास कमी. कोनातला फरक मात्र लगेच हातात जाणवतो.

जिप्सीचे औषध जिम्नीला का चालत नाही?

इथेच बहुतेक चुका होतात. समजण्यासाठी एक हिशेब करू. हे आकडे कोणत्याही एका गाडीचे नाहीत, गणित सोपे व्हावे म्हणून घेतले आहेत. ड्रॅग लिंक ८०० मिलिमीटर लांब, चाकाकडचा स्टीअरिंगचा हात १५० मिलिमीटर, आणि अ‍ॅक्सल ५० मिलिमीटरने खाली गेला.

पाट्यांची गाडी आधी पाहू. ड्रॅग लिंक सुरुवातीला आडवी सपाट असेल तर तिचे टोक सुमारे १.६ मिलिमीटर आडवे सरकते. चाक वळते साधारण ०.६ अंश. चालकाला हे कळतही नाही. आता हीच गाडी ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच उंच केली. चॅसी वर गेली, अ‍ॅक्सल जिथल्या तिथे राहिला, ड्रॅग लिंक तिरकी झाली. आता तोच ५० मिलिमीटरचा खड्डा टोकाला ४.७ मिलिमीटर सरकवतो आणि चाक १.८ अंश वळते. तिप्पट. स्टीअरिंगचे प्रमाण १८ ला १ धरले तर चालकाच्या हाताला हे ३२ अंशांचे वळण वाटेल.

म्हणून पाट्यांच्या गाडीत दांडी पुन्हा सपाट करणे हाच योग्य उपाय. त्यासाठी खाली झुकलेला ‘ड्रॉप’ पिटमन आर्म मिळतो. जिप्सीच्या परदेशी भावंडासाठी, सुझुकी सामुराईसाठी, इंग्रजी झेडच्या आकाराची वाकडी ड्रॅग लिंक वर्षानुवर्षे विकली जाते तीही याचसाठी. मिस्त्रींच्या एका पिढीने हे काम जिप्सी आणि जीपवर हातांनी शिकून घेतले आहे. ते ज्ञान खोटे नाही.

पण तोच उपाय जिम्नीला लावला तर काय होते? जिम्नीत दोन दांड्या आहेत. गाडी ५० मिलिमीटर उचलली की दोन्ही सारख्याच तिरक्या होतात आणि एकमेकींना समांतरच राहतात. दोघींचीही टोके ४.७ मिलिमीटर सरकतात, फरक शून्य. म्हणजे गाडी नुसती उचलल्याने बम्प स्टीअर जवळपास वाढलेला नसतो. मग कोणीतरी वाकून खाली बघतो, ड्रॅग लिंक तिरकी दिसते, आणि ड्रॉप पिटमन आर्म बसवून ती सपाट केली जाते. ट्रॅक बार मात्र तसाच तिरका राहतो. आता ट्रॅक बार अ‍ॅक्सलला ४.७ मिलिमीटर सरकवतो, ड्रॅग लिंक १.६ वरच थांबते. ३.१ मिलिमीटरचा फरक उरतो, चाक १.२ अंश वळते. जो दोष गाडीत नव्हता तो पैसे मोजून विकत घेतला जातो.

बाजारात काही लिफ्ट किटसोबत हा आर्म कोणत्याही गाडीला सरसकट दिला जातो, हे त्यामुळेच खटकते. किट विकणाऱ्याने निदान गाडीला ट्रॅक बार आहे की नाही एवढा प्रश्न तरी विचारायला हवा.

मग गाडी उचलल्यावर करायचे काय?

पाट्यांच्या गाडीत ड्रॅग लिंक सपाट ठेवायची, हे वर आलेच. त्यात पिटमन आर्म खाली आणण्याऐवजी चाकाकडचे टोक वर नेता येत असेल तर ते अधिक चांगले. ड्रॉप आर्म जितका लांब खाली लोंबतो तितका स्टीअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर ताण जास्त, आणि दांडी दगडांच्या तावडीत येते.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीसाठी नियम एकच. दोन्ही दांड्या हलवायच्या, नाहीतर एकही नाही. साधारण दोन इंचांपर्यंत बहुतेक वेळा एकही नाही हेच उत्तर पुरते. त्याहून जास्त उचलायची असेल तर ड्रॅग लिंक जेवढी सपाट केली तेवढाच ट्रॅक बारही सपाट करावा लागतो. त्याचे दोन मार्ग आहेत. चॅसीकडचा ब्रॅकेट खाली आणणे, किंवा अ‍ॅक्सलकडचा ब्रॅकेट वर चढवणे आणि ड्रॅग लिंकचे चाकाकडचे टोकही तितकेच वर घेणे. दुसऱ्या मार्गात वळणावर गाडी कमी कलते, म्हणून जाणकार त्याकडे झुकतात. दोन्हींत एक धोका सारखा आहे. ट्रॅक बारवर गाडीचा सगळा आडवा भार येतो आणि ब्रॅकेट जितका उंच तितका तो मुळाशी जोराने पिळला जातो. रस्त्याकडेच्या वेल्डिंगवर भागवण्याचे हे काम नाही. हा ब्रॅकेट घाटात सुटला तर बम्प स्टीअर परवडला असे म्हणण्याची वेळ येईल.

कमी उंचीतही दोन कामे टाळता येत नाहीत. गाडी उचलली की ट्रॅक बारमुळे अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. लांबी जुळवता येणारा ट्रॅक बार बसवून तो मध्यावर आणतात. तसे केले तर ड्रॅग लिंकची लांबीही त्या हिशेबाने जुळवावी लागते, अन्यथा सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडे राहते. काही ठिकाणी स्टीअरिंगचे चाक काढून सरळ करून बसवतात. जिम्नीसारख्या ‘ईएसपी’ असलेल्या गाडीत स्टीअरिंगचा कोन सेन्सरने मोजला जातो, त्यामुळे असा जुगाड त्या यंत्रणेला गोंधळात टाकू शकतो. दुसरे काम कॅस्टरचे. जिम्नीत अ‍ॅक्सल पुढे-मागे धरणारे दोन लांब आर्म आहेत. चॅसी वर गेली की ते अ‍ॅक्सलला किंचित फिरवतात, कॅस्टर कमी होतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप मध्यावर येईनासे होते. त्यावर कॅस्टर दुरुस्त करणारे बुश मिळतात. उचललेल्या जिम्नीची ‘गाडी भटकते’ ही तक्रार बम्प स्टीअरची नसून याचीही असू शकते.

राहिला स्टीअरिंग डॅम्पर. आडवा बसवलेला हा छोटा शॉक अब्सॉर्बर झटके शोषतो, दगडधोंड्यांत मनगटे वाचवतो. त्यासाठी तो चांगलाच. पण त्याला दांड्यांचे कोन बदलता येत नाहीत. जाड डॅम्पर लावून ओढ कमी वाटली तर ती फक्त हातापर्यंत पोहोचेनाशी झालेली असते. चाक वळतेच आहे.

घरच्या घरी तपासता येते का?

बऱ्याच अंशी. गाडी सपाट जमिनीवर, चाके सरळ, चारही चाके जमिनीवर टेकलेली. मोबाइलमधले कोन मोजणारे अ‍ॅप दांडीवर टेकवून दोन्हींचे कोन घेण्याचा मोह होईल, पण त्यात एक फसगत आहे. या दांड्या अनेकदा डिफरन्शिअल चुकवण्यासाठी वाकवलेल्या असतात. दांडीचा आकार कसाही असो, ती काम करते ती तिच्या दोन टोकांच्या सांध्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेत. म्हणून टेप घेऊन चारही सांध्यांच्या मध्यबिंदूंची जमिनीपासूनची उंची मोजावी. प्रत्येक दांडीच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक आणि त्यांच्यातले आडवे अंतर काढले, की उतार कळतो. दोन्हींचा उतार जुळला तर निम्मी शंका मिटली. पाट्यांच्या गाडीत एकाच दांडीचा उतार पाहायचा, तो जितका शून्याजवळ तितके बरे.

दुसरी चाचणी अधिक बोलकी आहे. मागच्या चाकांना उटी लावून, हँडब्रेक ओढून, स्टीअरिंगचे लॉक उघडे ठेवून पुढच्या चॅसीखाली जॅक लावायचा आणि चाके जमिनीवरच राहतील एवढीच बॉडी हळूहळू उचलायची. चाके जमिनीला धरून बसतात, त्यामुळे फरक स्टीअरिंगमध्ये दिसतो. बॉडी वर जाताना स्टीअरिंग आपोआप फिरू लागले तर बम्प स्टीअर समोरच दिसतो. या वेळी गाडीखाली कोणीही जायचे नाही.

पण या दोन्हींच्या आधी सगळ्यात स्वस्त तपासणी करून घ्यावी. एकाने इंजिन सुरू ठेवून स्टीअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून ट्रॅक बारचे बुश, बोल्ट, टाय रॉड एंड पाहायचे. सैल सांधा असेल तर भूमितीचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

हे बदल कायद्यात बसतात का?

सरळ उत्तर द्यायचे तर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यातही आड येऊ शकतो.

प्रत्यक्षात मात्र किट उघडपणे विकली जातात आणि उंच गाड्या उघडपणे फिरतात. कायदा ‘करू नका’ म्हणून थांबतो, त्यामुळे नीट केलेला बदल आणि चुकीचा केलेला बदल यांत फरक करणारी कोणतीही तपासणी उरत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तिच्या नूतनीकरणापर्यंत स्टीअरिंगखाली वाकून बघायला कोणी सांगत नाही, आणि पीयूसीचा संबंध फक्त धुराशी. वापरलेली गाडी घेणाऱ्याची यात जास्त फसगत होते, कारण बदल आधीच्या मालकाने केलेले असतात. उचललेली जिम्नी किंवा रँगलर विकत घेताना पिटमन आर्म मूळचा आहे का, हे पाहावे. तो बदललेला असेल आणि ट्रॅक बारचे ब्रॅकेट जुन्याच जागी असतील, तर मूळ आर्म परत बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.